अळणी घाम

माझ्या अंगात मीठ किती आहे याचा बिनचूक अंदाज आजवर एकाच जिवाला आला, आणि ती आमची शेळी होती. बायकोला माझ्याबद्दल पुष्कळ गोष्टी ठाऊक आहेत. त्यांतल्या निम्म्या तिनं मला कधी ऐकवल्या नाहीत, हे तिचे उपकार. पण मिठाची गोष्ट आधी शेळीला कळली, शेळीमुळं बायकोला, आणि बायकोमुळं साऱ्या वाडीला. म्हणून मी आज मिशा पांढऱ्या होईपर्यंत जिवंत आहे आणि ऐकणारा मिळाला की त्याला सोडत नाही. आभार मानायचे तर सुरुवात शेळीपासूनच करायला हवी.

आमची वाडी हिर्डोशीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत. भोरचं संस्थान होतं, दुसरं महायुद्ध अजून लागलं नव्हतं, आणि मी पंचविशीत होतो. बाजाराला भोरला जायचं ते पायी. मीठ मात्र उलट्या बाजूनं यायचं. घाटाखालून, कोकणातून, बैलगाडीवर गोणी लादून. काळपट, ओलसर खडेमीठ. आई ते मडक्यात भरून चुलीच्या उबेला ठेवायची. पावसाळ्यात त्याला पाणी सुटायचं, आणि मी जाता-येता बोट बुडवून चाटायचो. मिठाचा मला भारी नाद. वाडीत कुणाची भाजी खारट झाली की लोक म्हणत, "फेकू नका, त्याला बोलवा."

आता शेळी. त्या काळी सासू-सासऱ्यांच्या देखत सुनेनं नवऱ्याशी बोलायचं नाही अशी रीत होती. रीत कडक, आणि बायको बोलकी. तिनं यावर शेळीचा उपाय काढला. आम्ही सगळे ओट्यावर बसलेलो असताना ती दावणीशी जाऊन म्हणायची, "शेळीबाई, सांग त्यांना, भाकर निवतीया. मग म्हनतील, चामड्यावानी झाली." मीही शेळीकडंच तोंड करून म्हणायचो, "शेळीबाई, सांग, हात धुतो आन् येतो." वडील गंभीर चेहऱ्यानं तंबाखू मळत हे सगळं ऐकायचे. त्यांच्या मते सून एक अक्षर बोललेली नसायची. शेळी दोन्हीकडं बघून रवंथ करायची. भोरच्या कचेरीतल्या वकिलांनासुद्धा दोन्ही बाजूंचा एवढा विश्वास मिळाला नसेल.

या मध्यस्थीची मजुरी ती माझ्याकडून वसूल करायची. दिवसभर उन्हात राबून मी संध्याकाळी ओट्यावर टेकलो, की ती दाव्याला ताण देऊन यायची आणि माझे हात, मान, दंड खरखरीत जिभेनं चाटून काढायची. घाम वाळून अंगावर मीठ धरलेलं असे. माझ्या बंडीच्या पाठीवर तर पांढऱ्या रेघांचे डोंगर आणि नद्या उमटलेल्या असत. बायको म्हणायची, "शेळीबाई, पुरं कर. मानूस झिजंल."

आमच्या देवीची जत्रा चैत्र पुनवेला. जत्रेत काठी नाचवतात. भलामोठा उभा बांबू, त्याला रंगीत कापडं गुंडाळलेली, टोकाला मोरपिसांचा झुबका. एकानं ती कमरेच्या पट्ट्यावर पेलायची, चौघांनी चार बाजूंनी दोर धरायचे, आणि ढोलाच्या ठेक्यावर देवळापर्यंत न्यायची. काठीचा मान पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घरात होता. ज्यानं काठी पेलायची त्यानं रामनवमीपासून पुनवेपर्यंत अळणी खायचं, म्हणजे मिठाचा कण तोंडात घालायचा नाही. आणि त्या दिवसांत शेतीच्या कामालाही हात लावायचा नाही. देवळाच्या सावलीत बसायचं, गुरवाशी गप्पा मारायच्या, डुलक्या घ्यायच्या. वाडवडिलांनी नियम मोठ्या शहाणपणानं घातले होते. आम्ही त्यांतले अर्धेच पाळले.

झालं असं. त्या साली वडिलांचा गुडघा धरला. पारावर माणसं बसलेली, आणि खालच्या आळीतला आमचा एक चुलत चुलता, ज्याचा जन्मापासून काठीवर डोळा, तो म्हणाला, "दादा, गुडगा गेला तर काठी सोड की आता. आमच्याकडं धडधाकट पोरं हायती."

"माझ्याकडं न्हाई व्हय पोरगा?" वडील.

"तुझा? त्याला कोरड्यासात मीठ कमी पडलं तर डोळ्याला पानी येतं. त्यो काय अळणी धरनार!"

सगळा पार हसला. हसले नाहीत ते वडील. ते गुडघ्याला हात लावून उभे राहिले आणि गरजले, "तुमी नवमीपासनं धरता? माझं पोरगं पाडव्यापासनं धरंल! आन् बसून न्हाई, राब भाजत धरंल! न्हाई जमलं तर काठी तुमच्या आळीची!"

मी मागं उभा राहून खारे हरभरे खात होतो. पाडवा दुसऱ्या दिवशी होता. हातातला शेवटचा हरभरा मी फार सावकाश खाल्ला.

असा माझा नवस वडील बोलले. पाडव्याच्या दिवशी कडुनिंबाच्या पानातही आईनं मीठ घातलं नाही. नुसता कडू. मग अळणी भाकर, अळणी आमटी, अळणी ताक. अळणी पिठलं तुम्ही खाल्लं आहे का? खाऊ नका. शेजारच्या घरात सुकट भाजायला लागले की मी डोळे मिटून भिंतीला टेकायचो, आणि बायको शेळीला सांगायची, "बघ बाई, समाधी लागली."

दिवसभर राबाचं काम. आमच्याकडं भाताची रोपं जिथं टाकायची, तो तुकडा आधी भाजून काढतात. शेण, वाळलेल्या फांद्या, पालापाचोळा, गवत आणि वर माती, असे थर रचायचे आणि पेटवायचे. वरून चैत्राचं ऊन, खालून राबाची धग. घाम अंगावरून असा वाहायचा की धोतर पिळून घ्यावं. आणि इथं मला एक चोरवाट सापडली. मिशीवर आलेला घाम जिभेवर आला, तो खारट लागला. मी इतका हरखलो की काम टाकून गुरवाकडं गेलो.

"गुरवमामा, आपलाच घाम चाटला तर नवस मोडतो का?"

गुरवानं मला आपादमस्तक पाहिलं. "तुझं तूच खानार? खा की. देवीला काय करायचंय त्याचं!"

मग मी बेधडक मिशी चाटू लागलो. पण हे सुख फार दिवस टिकलं नाही. नवमी येईपर्यंत घाम मिळमिळीत लागू लागला. वाहत होता तेवढाच, पण चव गेली होती. बंडीवरचे डोंगर आणि नद्याही पुसट झाल्या. माझ्याच अंगानं माझ्यापासून मीठ लपवून ठेवायला सुरुवात केली होती, हे मला तेव्हा कुठं माहीत!

आणि एका संध्याकाळी मी ओट्यावर टेकलो, हात पुढं केला, तर शेळीनं नुसतं हुंगलं आणि तोंड फिरवलं. ती सरळ वडिलांकडं गेली आणि त्यांचा हात चाटू लागली. वडील तर दिवसभर बसून होते.

"शेळीबाई, रुसलीस व्हय गं?" बायको म्हणाली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी बायको नुसती शेळीकडं आणि माझ्याकडं आलटून पालटून बघत राहिली. मला मात्र या गोष्टीचा खुलासा लगेच सुचला होता. नवसामुळं माझ्यात असं काही तेज आलं होतं, की जनावर अदबीनं लांब राहत होतं. मी हा खुलासा वडिलांना सांगितला. त्यांना तो पटला. आम्हा बापलेकांचं डोकं एकाच मातीचं.

तेजाबरोबर डोकंही दुखू लागलं. चढ चढताना पाय कापसाचे होत. आई म्हणायची, "ऊन बादलंय, पानी पी." मी तांब्यामागून तांब्या रिचवायचो. पण जितकं पाणी प्यावं तितकं डोकं जड व्हायचं आणि पोटात ढवळायचं. मग आई आणखी पाणी द्यायची. तिच्या मायेत काही कमी नव्हतं. कमी होतं ते मडक्यात, चुलीच्या उबेला, हातभर अंतरावर.

पुनव अगदी तोंडावर आली असताना, राबाच्या शेवटच्या तुकड्यावर, भर दुपारी, माझ्या पोटरीत गोळा आला. असा की मांस दगड झालं. तो सोडवायला वाकलो तर मांडीत आला. मग पोटात. मग हाताची बोटं वळली, आणि हातातलं राब ढोसायचं दांडकं सोडता येईना. मी आडवा झालो. वडील लंगडत, बायको धावत आली, दोघांनी मला घरी ओट्यावर आणून टाकलं. आईनं पाणी पाजलं. मी ते ओकलो. तिनं पुन्हा पाजलं.

यापुढचं मला पूर्ण आठवत नाही, पण साऱ्या वाडीला आठवतं, आणि दर जत्रेला ते मला ऐकवलं जातं. मी थरथरू लागलो, डोळे फिरवू लागलो आणि भलतंच बरळू लागलो. तेवढ्यात त्या खालच्या आळीतल्या चुलत्याची बायको, म्हणजे आमची चुलती, डोकावली आणि ओरडली, "अगं बया! अंगात आलीया! देवी आली अंगात!"

झालं. काठीचा मानकरी, कडक अळणी नवस, जत्रा तोंडावर. यात शंका घ्यायला जागाच नव्हती. बायका हळदकुंकू घेऊन धावल्या. कुणी माझ्या कपाळाला मळवट भरला. आईनं पदर पसरला. वडिलांनी, ज्यांनी मला लहानपणी कोंबडीसारखं झोडपलं होतं, त्यांनी माझ्या पायावर डोकं ठेवलं. आणि चुलतीनं संधी साधली. "आई, आमची म्हस कदी व्यायची? दिस उलटून गेल्यात."

मी म्हणालो, "मीठ."

"काय म्हनली देवी?"

"मीठ," मी म्हणालो. "मीठ घाल."

"म्हशीला मीठ घाला म्हनतीया!" चुलती हात जोडून उठली आणि तशीच घरी पळाली. म्हशीला तिनं खरंच मूठभर मीठ चारलं. रात्रीत म्हैस व्याली, आणि त्या रेडकाचं श्रेय आजतागायत मला मिळतं. मी ते नाकारलेलं नाही.

मागं राहिलेल्या बायका आपापले प्रश्न तयार करत होत्या. तेवढ्यात माझी बायको दावणीकडून शेळी सोडून घेऊन आली. बायकांच्या घोळक्यातून शेळीला ओढत ती माझ्याजवळ आली. माझ्या मनगटावरून घाम निथळत होता. तिनं शेळीचं तोंड त्याला लावलं. शेळीनं हुंगलं, आणि मान वळवली.

बायकोनं दावं हातातून सोडून दिलं. आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदा, सासू-सासऱ्यांच्या देखत, शेळीला मध्ये न घेता, ती सरळ बोलली.

"आत्याबाई, ही देवी न्हाई. ह्यो माझा नवरा हाय, आन् त्यो चाललाय."

वडिलांनी माझ्या पायावरून डोकं उचललं.

"शेळी कवाधरनं त्यांना तोंड लावंना. घाम वाहतोय आन् त्यात मीठ न्हाई. आतलं सरलंया. आत्याबाई, पानी नगा घालू आता. मीठ घाला."

"नवस हाय, पोरी," वडील म्हणाले. त्यांचा आवाज पारावरचा नव्हता. "पुनव तोंडावर आलीया. देवीचा कोप व्हईल."

"मग म्या धरते. आत्तापसनं पुनवंपातुर माझ्या तोंडात मीठ जायचं न्हाई. देवीला मीठ सोडलेलं मानूस पायजे ना? म्या सोडते. पर त्यांना द्या."

आई उठली. "गप. अंगावर लेकरू पितंय तुझ्या. तू कसली अळणी धरतीस? म्या धरते."

"पारावर कोन बोललं हुतं?" वडील म्हणाले. "तू? का ती? म्या बोललो. म्या धरनार."

"तुमचा गुडगा..."

"गुडघ्यानं खातो व्हय मी?"

माझ्यापायी तिघं मिठावरचा हक्क सोडायला भांडत होती. त्या भांडणाचा मी आजही ऋणी आहे. पण त्याहून ऋणी मी या गोष्टीचा, की त्याचा निकाल लागेपर्यंत बायको थांबली नाही. चुलीवर तांदळाची पेज होती. तिनं मडक्यात हात घातला, खडे पेजेत विरघळवले, आणि वाटी माझ्या ओठांना लावली.

तो पहिला घोट! मी पुढं बरंच काही खाल्लं-प्यायलं. पुण्यात लग्नाची जेवणं जेवलो. पण तो घोट घशाखाली उतरला तेव्हा अंगातले सगळे दरवाजे एकदम उघडले असं वाटलं. मी वाटी हिसकावू लागलो. बायको म्हणाली, "घोट-घोट. पळून जात न्हाई ती." पुन्हा सरळ माझ्याशीच! थोडं थोडं करत तिनं दुपार कलेपर्यंत दोन वाट्या पाजल्या. बोटं उलगडली. पोटरीतला दगड विरघळला. दिवस मावळता मी उठून बसलो, भिंतीला धरून लघवीला परड्यात गेलो आणि बऱ्याच वेळानं परत आलो. त्या कामगिरीवर आईनं देवापुढं गूळ ठेवला. आयुष्यात इतक्या साध्या गोष्टीसाठी माझं एवढं कौतुक पुन्हा झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या आळीतला तो चुलता दारात उभा राहिला. आम्हाला वाटलं, काठी मागायला आला. तो उंबऱ्याबाहेरच खाकरला.

"ऐकलं म्या. दादा, तू अळणी धरलीस म्हनं."

"धरली. वैनीनंबी धरली तुझ्या. कायबी म्हन."

"म्हनायचं न्हाई. म्या पारावर डिवचलं नसतं तर तू बोलला नसतास. आजपसनं म्याबी धरतो." आणि जरा थांबून, "पर फुडल्या साली काठी आमची."

"मी मरंपातुर न्हाई," वडील म्हणाले, आणि त्याला चहाला आत बोलावलं.

बऱ्याच वर्षांनी मी हिवतापाच्या औषधासाठी भोरच्या दवाखान्यात बसलो होतो. तिथल्या कंपाउंडरला वेळ होता आणि मला गोष्ट सांगायची खोड. त्यानं सगळं ऐकलं आणि म्हणाला, "अहो, अंगात मीठ आणि पाणी एका मापात लागतं. मीठ येईनासं झालं की अंग ते धरून ठेवतं. घामातून कमी सोडतं, लघवीतून कमी सोडतं. पण तुम्ही बादलीभर घाम काढत होता आणि वर नुसतं पाणी ओतत होता. उरलंसुरलं मीठही पातळ झालं. किती दिवस पुरणार?"

औषधाची बाटली घेऊन मी घाटाच्या वाटेला लागलो, आणि वाटेत एकटाच हसू लागलो. मग हसू थांबलं. पारावर वडील गरजत होते, मी मिशा चाटत होतो, तेज आलं म्हणून मिरवत होतो, आणि त्याच वेळी माझ्या आत कुणीतरी गुपचूप कणाकणानं मीठ राखत होतं. घामाच्या वाटेवर बसून, बाहेर जाणाऱ्या प्रत्येक थेंबातून ते काढून घेत होतं. मी त्याला काही सांगितलं नव्हतं. त्यानं मला काही विचारलं नव्हतं. माझ्या मूर्खपणाला जितके दिवस पुरवठा करता आला तितके दिवस त्यानं केला, आणि पुरेना तेव्हा हातपाय आखडून बोंब मारली. गेल्या इतक्या वर्षांत मी भुकेला राहिलो, ढेकर येईपर्यंत खाल्लं, पावसात कुडकुडलो, तापानं फणफणलो. दर वेळी त्या आतल्या माणसानं पुन्हा सगळं जागच्या जागी आणून लावलं. त्याला हळद नाही, कुंकू नाही, काठी नाही. मी रोज पहिला घास घेताना त्याला मनातल्या मनात हात जोडतो. भाजीत मीठ कमी असेल तर जरा उशिरा.

पण जत्रा राहिली की! पुनवेला काठी मीच पेलली. पाय अजून थोडे लटपटत होते, म्हणून दोरांवर माणसं निवडून उभी केली होती. समोरच्या दोरावर तो चुलता. काठी डावीकडं झुकली की तो उजवीकडं ताण द्यायचा, पुढं कलली की मागचा दोर ताठ व्हायचा. ढोल वाजत होते. वडील लंगडत पुढं चालले होते, आणि अळणी खाऊन त्यांचा चेहरा असा झाला होता की मला पाडव्यापासूनचे माझे दिवस आठवले. देवळाच्या दारात काठी टेकवली, गुलाल उधळला, आणि मी पायरीवर बसलो. घामानं न्हालो होतो.

तेवढ्यात गर्दीत गलका झाला. दावं तोडून, ढोलवाल्यांच्या पायांतून वाट काढत, आमची शेळी आली. गुरव "हाड, हाड" करत धावला. तिनं त्याच्याकडं पाहिलंही नाही. ती माझ्यापाशी आली, मनगट हुंगलं. मी श्वास धरला. देवीसमोर एवढा घाबरलो नव्हतो. आणि मग ती खरखरीत जीभ मनगटावरून दंडापर्यंत फिरली. परत फिरली. मग मान, मग गाल. जत्रेला आलेली माणसं हसत होती. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तर तिनं तेही चाटलं. त्यातही मीठ होतं.

बायको लेकराला कडेवर घेऊन बायकांच्या रांगेत उभी होती. शेजारी सासू, पुढं सासरा. तिनं पदर सावरला, आणि सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "शेळीबाई, सांग त्यांना, आता घरी चला म्हनावं. सुकट भाजून ठेवलीया."

मी शेळीचा कान धरला आणि म्हणालो, "शेळीबाई, सांग, आलोच."